फोटोत नसलेला बन्सी

कर्जतच्या पेठेत माझं शिलाईचं दुकान आणि बन्सीचा फोटो स्टुडिओ यांच्यात एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. बन्सी आज कुणावर जळतोय हे मशीन थांबवलं की मला ऐकू यायचं. बहुतेक वेळा मशीन थांबवायचीही गरज पडत नसे.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. कुणाच्या घरी मयत झाली तर बन्सी सगळ्यांच्या आधी हजर. पण कुणाच्या घरी बारसं झालं, की याचं तोंड उतरलेलं. समोरच्या किराणावाल्याने शटरला नवा रंग दिला तर याला दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. दिवाळीत माझ्याकडे कापडांचे ढीग पडले की बन्सी माझ्याशी बोलणं टाकायचा, आणि दिवाळी सरली की स्वतः चहा घेऊन यायचा. मी मुद्दाम विचारायचो, "काय बन्सीशेठ, राग गेला का?" तर म्हणायचा, "राग कशाचा? तुझ्याकडं लई गर्दी हुती म्हनून आलो न्हाई." मला हसू यायचं आणि चीडही यायची. चहा मात्र मी घ्यायचो.

त्याच्या हातात कला होती, हे कबूल केलंच पाहिजे. त्या काळात रंगीत रोल धुवायला नगरला जायचे, पण काळे-पांढरे फोटो बन्सी स्वतःच धुवायचा. निगेटिव्ह काचेवर ठेवून, भिंग डोळ्याला लावून, टोकदार पेन्सिलीने तो तिच्यावर असं काही बारीक काम करायचा की देवीचे व्रण जायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जायची, काळा माणूस गव्हाळ व्हायचा. लग्न जमत नसलेल्या मुलींचे बाप जामखेडहून त्याच्याकडे यायचे. मुलगी बघायला आलेले पाहुणे फोटो आणि मुलगी यांच्याकडे आळीपाळीने बघत बसायचे, पण तो पुढचा प्रश्न.

अशा माणसाचा स्वतःचा म्हणावा असा एकच फोटो होता, लग्नातला. तो काढला होता दुसऱ्याच कुणीतरी, आणि त्यात बन्सीचे डोळे मिटलेले होते. बन्सीने तो स्वतः दुरुस्त केला होता. म्हणजे बायकोशेजारी हार घालून उभ्या असलेल्या त्या बन्सीचे डोळे रंगवलेले होते. त्यानंतर कुठल्याही कार्यात, कुठल्याही फोटोत बन्सी नव्हता. सगळ्यांना तोच हवा होता, पण कॅमेऱ्याच्या मागे. लग्नाचे अल्बम उलटताना तो एकदा मला म्हणाला होता, "टेलर, अर्ध्या तालुक्याच्या भिंतीवर माझं काम लागलंय, आन् मी कुठंच न्हाई." तेव्हा मी कॉलर लावत होतो.

आता टीव्ही-गेमचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

गिऱ्हाइकाला थांबायचा कंटाळा येऊ नये म्हणून बन्सीने स्टुडिओत टीव्ही ठेवला होता, आणि नगरहून टर्बोस्टार कंपनीचा गेम आणला. पेठेत पहिला. टीव्हीला जोडायचा डबा, दोन हातात धरायची बटणं आणि वरून खोचायची कॅसेट. त्यात विमानं पाडायचा एक खेळ होता. गिऱ्हाइकांपेक्षा बन्सीच जास्त खेळायला लागला. संध्याकाळी पेठेतली मंडळी जमायची, त्यात एस.टी.चा कंडक्टर भीमराज हमखास. तो नगरच्या गाडीवर असायचा, त्यामुळे कंपनीच्या बातम्या आमच्याकडे त्याच्याबरोबर यायच्या. मला खेळ येत नव्हता, पण भांडणात पंच म्हणून मला भिंतीपलीकडून बोलावून घ्यायचे.

एके दिवशी भीमराजने बातमी आणली, की कंपनीने नवा गेम काढलाय. डबा लहान, चित्रं चांगली, आणि घेणाऱ्याला दोन कॅसेटी फुकट, वर कंपनीचं नाव लिहिलेली टोपी. विमानांचा खेळ त्यातही आहे, पण जुन्या कॅसेटी नव्या डब्यात बसत नाहीत.

बन्सी बटण सोडून उभा राहिला. पडद्यावर त्याचं विमान कोसळलं.

"बसत न्हाईत म्हंजे?"

"खाच बदललीय," भीमराज म्हणाला. "जुन्या कॅसेटी तुमच्या जुन्या डब्यावरच खेळा म्हनं."

"आन् टोपी?"

"टोपी नव्यालाच."

"आमी काय पाप केलं? ह्या तालुक्यात कंपनीचं नाव कुनाला म्हाईत न्हवतं तवा मी घेतला. माझ्याकडं बघून किती जनांनी घेतला. टोपी कुनाची झाली पायजे?"

भीमराज शांत माणूस, रोज भरलेल्या गाडीत भांडणं मिटवणारा. तो म्हणाला, "बन्सीभाऊ, कंपनीच्या बाजूनं बघा. तुमी तर घेतलायच. तुमाला टोपी देऊन त्यांचा काय फायदा? ज्यानं अजून घेतला न्हाई त्याला वळवायचंय त्यांना. यात अन्याव कसला? तुमचा गेम त्यांनी काढून न्हेला का?"

"न्हेला न्हाई, पन जुना केला."

"जुनं तर सगळंच व्हतं."

"आपसुक जुनं व्हनं येगळं, आन् दुसऱ्याला नवं देऊन आपल्याला जुनं करनं येगळं." बन्सी माझ्याकडे वळला. "टेलर, सांग की. तुझं जुनं गिऱ्हाईक आलं आन् नवं आलं, तर तू कुनाचं आधी शिवतोस?"

मी म्हणालो, "जो जास्त ओरडतो त्याचं." मंडळी हसली. पण बन्सीच्या बोलण्यात गेमपेक्षा दुसरंच काहीतरी होतं, हे मला कळलं होतं. कारण नवा गेम जामखेडला कुणी घेतला, ही बातमी त्याला आदल्याच दिवशी लागली होती. अजिनाथने घेतला होता.

अजिनाथ म्हणजे बन्सीचा साडू. बन्सीची बायको पंकजा थोरली, अजिनाथची बायको तिची पाठची. जामखेडला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. हसरा, उंच, दिलदार गडी, कुणाच्याही घरात शिरला की चुलीपाशी जाऊन बसणारा. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती आणि बन्सीला नेमकं तेच सहन होत नसे. सासरे काकासाहेब राहात्याचे, पेरूची बाग असलेले. थोरला जावई म्हणून आधी सगळा मान बन्सीचा होता. जेवायला पाट पहिला त्याचा, बागेतला पहिला पेरू त्याचा. मग अजिनाथ आला आणि दोन वर्षांत बन्सी घरचा झाला. घरचा होणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं. घरच्या माणसाला पाणी आणून द्यायला सांगतात.

"माझं सासर आन् ही कंपनी, दोन्ही एकाच जातीची," बन्सी म्हणायचा. "जुना जावई कुठं जातोय? त्याला टावेल-टोपी. नव्याला अंगठी."

पुढे कंपनीने स्पर्धा काढली. डबा जुना असो की नवा, विमानांचा खेळ खेळायचा, पडद्यावर आलेल्या गुणांच्या आकड्याचा फोटो काढायचा आणि स्वतःचा एक फोटो जोडून पाठवायचा. प्रत्येक जिल्ह्यातला जो पहिला येईल त्याचा चेहरा कंपनीच्या मोठ्या पोस्टरवर छापणार, आणि ते पोस्टर दुकानादुकानांत लागणार. भीमराज हे सांगत असताना मी बन्सीकडे बघत होतो. अन्याय, टोपी, खाच, सगळं त्याच्या तोंडावरून पुसलं गेलं. त्याला त्या पोस्टरवर आपला चेहरा दिसायला लागला होता.

त्यानंतर बन्सीने स्टुडिओ जवळपास बंदच ठेवला. पासपोर्ट फोटोला आलेली माणसं मी माझ्याकडे बसवून ठेवायचो आणि पलीकडून विमानं पडल्याचे आवाज यायचे. शेवटी एका दुपारी त्याने असा आकडा काढला की ऐकून भीमराजने तो तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतला. टीव्हीचा फोटो काढणं सोपं नसतं. फ्लॅश मारला तर काचेवर नुसता पांढरा गोळा येतो. बन्सीने दारं-खिडक्या लावल्या, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला आणि सावकाश फोटो घेतला. मग स्वतःचाही काढला, बटण दाबून पळत जाऊन खुर्चीवर बसून. पाठवायची मुदत अजून शिल्लक होती, म्हणून दोन्ही फोटो त्याने ड्रॉवरमध्ये ठेवले. आणखी मोठा आकडा काढीन, असा त्याचा विचार होता.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला.

अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून वाण द्यायची आपल्याकडची रीत. काकासाहेबांनी दोन्ही जावयांना राहात्याला बोलावलं. तिथे काय झालं ते मला बन्सीने सांगितलं आणि पंकजाने वेगळं सांगितलं. दोघांच्या सांगण्यातून जे उरतं ते असं.

पाटावर दोन जावई बसले. अनारशांचं ताट, वर दिवा, सगळं दोघांना सारखं. मग मेव्हणी, म्हणजे अजिनाथची बायको, म्हणाली, "दाजी, तुमीच काढा ना फोटो. तुमच्यासारखा कुनाला येतोय?" बन्सी पाटावरून उठला आणि कॅमेरा घेऊन उभा राहिला. सासूबाईंनी अजिनाथला ओवाळलं, काकासाहेबांनी त्याच्या बोटात अंगठी घातली, बन्सीने फोटो काढला. बन्सीचं ओवाळणं नंतर झालं. तेव्हा कॅमेरा कोपऱ्यात पडून होता. त्यालाही अंगठीच दिली, हे पंकजा शपथेवर सांगते. बन्सी म्हणतो, ती पातळ होती.

दुपारी अजिनाथने पिशवीतून नवा गेम काढला. जामखेडहून एवढ्या लांब घेऊन आला होता, सगळ्यांना दाखवायला. सासऱ्यांच्या टीव्हीला जोडला आणि घरातल्या बायामाणसांच्या गराड्यात बसून खेळायला लागला. सासूबाई पदर तोंडाला लावून प्रत्येक विमानाला "गं बाई" म्हणत होत्या. बन्सी दारात उभा राहून बघत होता. त्याला खेळातलं कळत होतं, म्हणून इतरांच्या आधी त्याला कळलं की हा आपल्या पुढे जाणार.

आणि गेला. फार नाही, पण गेला.

"बन्सीभाऊ," अजिनाथ तिथूनच ओरडला, "लवकर या, फोटो घ्या. लाईट गेली तं समदं जाईल बघा."

आता विचार करा. खोलीत भर दुपारचा उजेड, लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि कॅमेरा बन्सीच्या हातात. नुसता फ्लॅश मारला असता तरी पडद्यावर पांढरा गोळा आला असता, आणि घाईत चुकलं म्हणून कुणी नाव ठेवलं नसतं. बन्सीने मला सांगितलं, "टेलर, माझा अंगठा फ्लॅशच्या बटनावर हुता." मग त्याने फ्लॅश काढून खिशात घातला, सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, खिडकीवर गोधडी टाकली, खुर्चीच्या पाठीवर कॅमेरा टेकवून फोटो घेतला. बागेत नेऊन अजिनाथचाही एक काढला. "धाडायचं मी बघतो," म्हणाला.

कर्जतला परत आल्यावर तो भिंतीपलीकडे रात्रंदिवस गप्प होता. बन्सीचा जळफळाट मला पाठ होता, पण ही शांतता नवीन होती. दोन्ही पाकिटं त्याने माझ्यासमोर पोस्टात टाकली.

पोस्टर भीमराजनेच आणलं. नगरहून गुंडाळी करून, गाडीत कुणी तिच्यावर बसू नये म्हणून स्वतःच्या सीटमागे उभी ठेवून. आल्याआल्या माझ्या कटिंगच्या टेबलावर त्याने ती उलगडली आणि म्हणाला, "जयभीम टेलर, बोलवा बन्सीभाऊला."

अनेक चेहरे होते, आणि आपल्या जिल्ह्याच्या नावाखाली बन्सी होता. थोडा दचकलेला, पळत येऊन बसल्यासारखा, कपाळावर आठ्या, गालावर व्रण. उघड्या डोळ्यांचा. बन्सी बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता नाचेल. तो म्हणाला, "अजिनाथ कुठंय?"

अजिनाथ दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आला, तोही हसत नसलेला. त्याचा फोटो कंपनीने परत पाठवला होता. मागे शिक्का होता, की आकड्यांवर हात फिरवलेला दिसतो, प्रवेश बाद. त्याने तो फोटो बन्सीच्या पुढ्यात ठेवला.

"बन्सीभाऊ, ह्यावर तुमी काय केलं?"

बन्सीने फोटो उचललाच नाही. "आकडे फिके आले हुते. उजेड हुता खोलीत. म्हनून निगेटिव्हवर जरा पेन्सिल फिरवली. आकडा बदलला न्हाई. जो हुता तोच ठळक केला."

"आन् तुमच्या फोटोवर फिरवली का?"

"न्हाई."

"का न्हाई?"

बन्सीने भिंग उचलून पुसायला घेतलं. पंकजा मागच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "बोला की. माझ्या माहेरात मी आता कुठल्या तोंडानं जाऊ? सख्ख्या बहिनीच्या नवऱ्याच्या तोंडचा घास काढला तुमी. तुमचा सोभाव समद्यांना ठाव हाय, पन इतका न्हवता वाटला."

अजिनाथ म्हणाला, "जाऊ द्या ताई. कंपनीच अशी हाय. खरं खोटं न इचारता बाद केलं. मान्साला एक डाव इचारावं तं." आणि चहा न घेता निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बन्सीवरचा राग त्याने कंपनीवर काढला, तेही बन्सीची लाज राखण्यासाठी. बन्सीला ते बरोबर समजलं.

त्या संध्याकाळी मंडळींत हाच वाद. भीमराज म्हणाला, कंपनीने नियम पाळला, यात अन्याय नाही. किराणावाला म्हणाला, मग खरा जिंकलेला बाद आणि दुसरा पोस्टरवर, हा न्याय कसा? इतके दिवस कंपनीला शिव्या देणारा बन्सी कोपऱ्यात बसून होता आणि त्याला कुठल्याच बाजूने बोलता येत नव्हतं. सगळे गेल्यावर मी त्याला सरळ विचारलं. मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही.

"बन्सी, खरं सांग. मुद्दाम केलंस?"

"व्हय," तो म्हणाला.

मी उठायला लागलो, तर त्याने माझा हात धरला. "तू समजतोस तसं न्हाई. तो बाद व्हावा म्हनून न्हाई केलं. तो जिंकनारच हुता, टेलर. आकडाच मोठा हुता. मग मी म्हनलं, जिंकायचंच हाय त्याला, तर माझ्या फोटोवर जिंकू दे. पोस्टर लागलं असतं ना, तर जन्मभर सांगितलं असतं मी, राहात्याला, जामखेडला, समद्यांना. आकडे दिसत न्हवते, मी दिसवले. माझ्यामुळं तो वर गेला. त्याचं काहीतरी माझं झालं असतं."

"आणि स्वतःच्या आकड्यांवर पेन्सिल का नाही लावलीस?"

तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. "आपल्याच आकड्यावर? ती लबाडी झाली असती की. दुसऱ्याच्या फोटोवर करायचं तो धंदा."

मला हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे चेहरे दुरुस्त केले आणि लोकांनी त्याला दुवा दिला. दुसऱ्याचा फोटो आहे तसा बाहेर जाऊ द्यायचा असतो, हे त्याच्या मनात येणंच शक्य नव्हतं. मी त्याला म्हणालो, हे नगरला जाऊन सांग. तो म्हणाला, "तू चल."

भीमराजच्याच गाडीने आम्ही गेलो. कंपनीचा नगरचा एजंट टाय लावलेला, गोड बोलणारा माणूस होता. बन्सीने निगेटिव्ह त्याच्या टेबलावर ठेवली, भिंग दिलं आणि पेन्सिलीखाली मूळचा आकडा कसा तोच आहे ते दाखवलं. एजंटने भिंग न लावताच मान हलवली.

"साहेब, नियम म्हणजे नियम. हात लावलेला फोटो चालत नाही."

"मग माझा फोटो काढा पोस्टरवरनं."

"का? तुमचा तर बरोबर आहे."

"मोठा आकडा त्याचा हाय. मी आख्ख्या जिल्ह्यात तोंड लावून बसलोय आन् लोकं मला चोर म्हनत्यात. माझ्या घरात म्हनत्यात."

"पोस्टर छापून झालंय. आता ते निघत नसतं." मग त्याने टेबलाखालून कंपनीची टोपी काढली आणि बन्सीपुढे ठेवली. "तुम्ही आमचे जुने गिऱ्हाईक. ही आमच्याकडून."

बन्सी त्या टोपीकडे बघत उभा राहिला. याच टोपीसाठी त्याने कितीतरी संध्याकाळी वाद घातले होते. मग निगेटिव्ह उचलून तो बाहेर पडला. टोपी तिथेच राहिली. गाडीत बसल्यावर म्हणाला, "टोपी चांगली हुती रे."

मी हे सगळं पंकजाला सांगितलं, आणि पंकजाने आपल्या बहिणीला. कुणी किती विश्वास ठेवला कोण जाणे. पोस्टर वर्षभर दुकानादुकानांत राहिलं. आठवडे बाजारात माणसं ओळखून म्हणायची, "तुमीच ना ते?" आणि बन्सी मान खाली घालून म्हणायचा, "तो दुसरा." माझ्या दुकानातलं पोस्टर त्याने मला काढायला लावलं. मी ते फेकलं नाही, उलटं करून टेबलावर अंथरलं आणि त्यावर कापड बेतलं. अजिनाथ कर्जतला येईना, बन्सी राहात्याला जाईना. आणि तरीही जामखेडहून कुणी आलं की बन्सी आडवळणाने विचारायचाच, की अजिनाथने दुकान वाढवलं म्हणतात ते खरं का. खरं आहे म्हटलं की त्या दिवशी त्याचं जेवण गेलं.

तीन वर्षांनी पुन्हा धोंडा आला. या वेळी काकासाहेब स्वतः कर्जतला आले आणि म्हणाले, "पाव्हनं, मी आता थकलो. पुढच्या धोंड्याला असंन नसंन. दोघंबी आले पायजेत." बन्सी गेला. कॅमेरा घेऊन गेला, कारण कॅमेऱ्याशिवाय सासरी कसं जायचं हे त्याला माहीतच नव्हतं.

परत आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे एक फोटो मोठा करून, चौकटीत घालून, स्टुडिओत समोरच्या भिंतीवर लावला. मग भिंतीवर टकटक करून मला बोलावलं.

पेरूच्या बागेतला फोटो होता. काकासाहेब, सासूबाई, दोन्ही बहिणी, पोरंटोरं, आणि मधोमध काकासाहेबांच्या मांडीला मांडी लावून बन्सी, कपाळावर कुंकू, हातात नारळ. फोटो वाकडा होता. एका पोराचं डोकं अर्धं गेलं होतं. उन्हाने सगळ्यांचे डोळे बारीक झाले होते.

"कोनी काढला वळख," बन्सी म्हणाला.

"अजिनाथने?"

"व्हय. मी कॅमेरा काढला, तर माझ्या हातनं घेतला त्यानं. म्हनला, बन्सीभाऊ, आज तुमी बसा. कसं धरायचं तेबी ठाव न्हाई गड्याला. आख्खा वाकडा काढला." तो समाधानाने चौकटीकडे बघत राहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आन् बघ टेलर. समदे हायेत. फक्त तोच न्हाई."

मी बघितलं. नीट बघितलं. अजिनाथने नवख्यासारखा ऊन पाठीवर घेऊन फोटो काढला होता, त्यामुळे खाली जमिनीवर त्याची लांबच लांब सावली पडली होती, कोपरं वर केलेली, डोळ्याला कॅमेरा लावलेली. ती सरळ बन्सीच्या पायापर्यंत आली होती.

"हा काय, इथे आहे की," मी म्हणालो. "खालून चार बोटं कापली असतीस तर गेला असता. तुला काय अवघड होतं?"

"दिसलं मला ते," बन्सी म्हणाला. "भिंग लावून बघितलं."

मग तो पेन्सिलीला टोक करायला बसला. गिऱ्हाईक थांबलं होतं.